पाणंद

फितीचं एक टोक मोखाडीच्या हातात, एक माझ्या.
"किती?" ती वरून विचारते.
"दीड मीटर. आणि चार बोटं."
"बोटं नकोत, आकडा सांग."
पण भिंत बोटांनीच रचलेली,
चुना नाही, चिखल नाही,
दगडाच्या कुशीत दगड.
माझी चार बोटं बरोबर त्या फटीत जातात
जिथं कुणीतरी शेवटची कपची ठोकून बसवली
आणि हात झटकले असतील.

म्पुमालांगाचा हा उतार.
दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांची शेतं,
बांधावर बांध, पार ढगात शिरेपर्यंत.
कधीकाळी ज्वारी. आम्ही तिला माबेले म्हणतो.
आता गवत, शेळ्यांनीही तोंड न लावलेलं,
आणि कोरफडीचे लाल तुरे.
त्यातून ही वाट, दोन भिंतींच्या मधली,
खुरांनी खणत खणत खोल गेलेली,
खालच्या ओढ्यापासून वरच्या गोल गोठ्यापर्यंत.

शनिवारी जोहान्सबर्गहून गाड्या येतात.
एक बाई अनवाणी मधोमध उभी राहते, डोळे मिटते,
म्हणते, इथं कंपनं आहेत.
एकजण होकायंत्र काढतो,
हे बांधणारे ताऱ्यांवरून आले असणार म्हणतो,
नाहीतर समुद्रापलीकडून, सोन्यासाठी.
कुठूनही आलेले चालतात त्याला,
फक्त खालच्या वस्तीतून नकोत.

मालेसेला काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकून घेतो.
त्याच्या अकरा गाई, एकीचं शिंग मोडकं.
"साहेब," तो म्हणतो,
"भुकेली गाय उभ्या ज्वारीतून नेलीय कधी?"
साहेबानं नेलेली नसते.
"म्हणून भिंत."

मंगळवारी एका घराच्या वर्तुळात पाटा सापडला.
मधे खोलगट, दळून दळून आरशासारखा गुळगुळीत,
आणि पालथा.
पाणी साचू नये म्हणून पालथा घातला असेल तिनं,
म्हणजे परत यायचं होतं.
मोखाडीनं वहीत लिहिलं: पाटा, एक, अभंग.
पालथा लिहायला रकाना नव्हता.
ती थोडा वेळ पेन हातात धरून बसली,
मग पाटा होता तसाच परत ठेवायला लावला मला.

आणि वळणावरचा तो दगड,
कमरेइतक्या उंचीवर झिजून चकचकीत झालेला.
पाण्यानं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी वीज पडली.
फार्मवाल्याच्या कुंपणाचा एक खांब जळाला, तारा लोळल्या.
मोडक्या शिंगाची आधी शिरली.
कुणी हाकलं नव्हतं, कुणी हाक दिली नव्हती.
मागोमाग बाकीच्या, एकीमागे एक,
माना खाली, घाई नाही,
जशा काही कालच इथून गेल्या होत्या.
आम्ही भिंतीला पाठ लावून पोटं आत घेतली.
उबदार, ओलसर, शेणाचा वास घेऊन
अकरा पोटं आमच्यासमोरून सरकत गेली,
फीत त्यांच्या पायात गुंतून गेली वरपर्यंत.
वळणावर मोडक्या शिंगाचीनं अंग घासलं
नेमकं त्या दगडावर.

मोखाडीनं काही लिहिलं नाही.
भिजलेल्या वहीवर हात ठेवून ती नुसती बघत होती.

वर गोठ्यात जाऊन गाई थांबल्या.
दाराकडे तोंड करून उभ्या,
आता कुणीतरी आडणा घालील अशा.
चारशे वर्षं, नाहीतर पाचशे,
मोखाडी नक्की सांगत नाही, कोळसा तपासायला गेलाय.

मालेसेला धापा टाकत पोचला.
तोंडाशी आडवं घालायला काही नव्हतं,
तेव्हा तो स्वतःच उभा राहिला, काठी आडवी धरून,
पावसात, बराच वेळ.

"दाराची रुंदी?" खालून आवाज आला.
फीत कुठल्याशा खुराला होती.
"एक काठी," मी ओरडलो.
या खेपेला तिनं आकडा मागितला नाही.